गुरांसाठी उकडलेले करांदे

आई, तुझ्याशी त्या टोपाबद्दल बोलायचं राहून गेलं.

नव्वदनंतरची ती वर्षं. त्यातल्या एका साली तुडतुड्यांनी भात गेलं होतं आणि दिवाळी सरल्यापासून तू डोंगरातून करांद्याच्या वेलाचे कडू कंद खणून आणायचीस. त्यांचे काप करून राखेच्या पाण्यात उकडायचे, रात्रभर टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे कडवटपणा जायचा. सकाळी मीठ घालून पुन्हा शिजवायचे. तू मला सोबत बोलवायचीस. मी म्हणायची, पोरी बघतील. पुढे तू बोलवणं सोडलंस. लाज तुलाही होतीच. रानातलं खातात म्हटलं की चार घरांत नाव खाली.

अशात मला बघायला टोकावड्याकडचे पाहुणे न कळवता आले. टोप चुलीवर. तू घाईनं उचलून पडवीत सारलास. मुलाच्या म्हाताऱ्या आत्यानं विचारलं, "काय शिजवलंस गो?"

"काय नाय, गुरांना करांदे उकडलेत."

म्हातारीनं झाकण काढलं, एक काप तोंडात टाकला, सावकाश चावला. "गुरांना मीठ घालून देता व्हय तुमी?" म्हणाली आणि दुसरा काप उचलला. ती हसली नाही. तू मात्र पाहुणे जाईपर्यंत मान वर केली नाहीस. लग्न जमलं तरी सोयऱ्यांसमोर नाक कापलं गेलं, हे तुझ्या मनातून गेलं नाही.

आई, त्या घरातही करांदे शिजत. माझ्या बाळंतपणात त्याच आत्याबाईंनी मला ते खाऊ घातले, अंगात ताकद येते म्हणून. तू बाळाला बघायला आलीस तेव्हा एवढं सांगायला हवं होतं. पण माझं सासर खातंपितं आहे असं तुला वाटत होतं, आणि ते मला आवडत होतं. पुढे तू वारलीस, तीही तोच समज घेऊन.

नंतर काही वर्षांनी मुरबाडला रानकंदांचं प्रदर्शन भरलं. एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या, करांदा पोटाला आधार देतो, औषधालाही लागतो. पण लोक कंद मुळासकट काढून नेतात, वर डोंगर फोडून बंगले होतायत, वेल संपत चाललेत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही डोंगराकडच्या ना? एखादा वेल दाखवाल का आम्हाला?"

मी म्हटलं, "आमच्या डोंगरात आता एक पण नाय राहिला." त्या हळहळल्या.

हे कागद कुठे पोचणार नाहीत, म्हणूनच लिहवतंय. वेल अजून असतील, आई. मला ते ओळखता येत नाहीत.