सात नंबरची पट्टी

९ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. आईलाही माझा नमस्कार सांग.

सोबत आमच्या नव्या अत्तराची, सात नंबरची पट्टी आहे. नेहमीसारखी जेवणाआधी एकदाच हुंग आणि पहिलं मनात येईल ते लिही. अत्तर कुणासाठी आहे ते आधी सांगणार नाही, नाहीतर तुझं नाक लबाडी करतं. फोनवरून वास जात नाहीत, म्हणून तरी आपली पत्रं टिकली आहेत.

इथे ठीक. रविवारी मोजे रफू केले. भाजीवाला अर्धा कोबी द्यायला तयार होत नाही, म्हणून आठवडाभर कोबीच खातो आहे. तू पाठवलेला फोटो मिळाला. मुलगी छान आहे, पण जाहिरात खात्यात इतकं काम आहे की या महिन्यात सुट्टी मिळणं कठीण.

लोभ असावा.
तुझा खारू


१८ जानेवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

यावेळी पट्टी हुंगायची राहूनच गेली. शिवणयंत्रावर ठेवली आणि ब्लाउज पोचवायला निघून गेले. दुपारी कुलूप उघडलं, तर घरात कुणीतरी आहे असं वाटलं. आई तर मावशीकडे गेलेली. भीती मात्र वाटली नाही. आपलंच माणूस नुकतं आंघोळ करून आलंय आणि आता चहा टाकू का म्हणून विचारेल, असं वाटलं. मग पट्टी दिसली आणि माझं मलाच हसू आलं.

आता फोटोचं बोल. सुट्टी नाही हे कारण घासून घासून गुळगुळीत झालं आहे. मुलीचे काका औषधाच्या दुकानात भेटले की विचारतात, आणि मी गोळ्या विसरून परत येते. तुझं सारखं तळ्यात-मळ्यात. हो किंवा नाही, काय ते एकदा कळव. आठवडाभर कोबी खाणाऱ्याने फार आढेवेढे घेऊ नयेत. आईचा गुडघा कुरकुरतो आहे.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांना, म्हणजे गे लोकांना, सात नंबर विकायचा असं साहेबांनी ठरवलं आहे. त्यासाठी बाहेरून एक तज्ज्ञ बोलावला होता. त्याचं म्हणणं पडलं की या लोकांना मुलंबाळं नसतात, खिसे भरलेले असतात, रोज कुठे ना कुठे पार्टी असते. तेव्हा बाटली चकाकती हवी आणि जाहिरातीत नाच हवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पायात रफूचे मोजे होते.

ताई, त्या खोलीत तसा माणूस एकच होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण कुणाला माहीतच नाही. तो मी.

मग न राहवून तुझी गोष्ट मी फळ्यावर एका ओळीत लिहिली: दार उघडलं, तर घरात कुणीतरी आहे. साहेब म्हणाले, हेच घ्यायचं. पुढच्या महिन्यात छापून येईल. एक पुरुष दारात, दुसरा आत टॉवेलने केस पुसतोय आणि खाली तुझी ओळ. तुला न विचारता घेतली. छापलेली तुझ्या हाती पडण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे सगळं लिहिलं. फोटो परत पाठवतो आहे. मुलीत काही उणं नाही.

नमुन्याची बाटली घरी आणली आहे. सकाळी लावतो, पण दहा मिनिटांत नाक सरावतं आणि वास येईनासा होतो. संध्याकाळी कुलूप उघडलं की येतो तो कोबीचा.

तू मला टाकणार नाहीस ना? लोभ असावा असं दर पत्रात सवयीने लिहितो. आज मागतो आहे.

खारू


१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं उत्तर नाही. फोन करायला हात धजत नाही. आठ नंबरची पट्टी तयार आहे, पण पाठवू की नको ते कळत नाही. आईचा गुडघा कसा आहे, तेवढं तरी लिही.

खारू


१४ मार्च

चि. खारूस पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग भयंकर चिडले. इतकी वर्षं एकटा झुरत बसलास आणि मला मोज्यांच्या गोष्टी सांगत राहिलास! लिहायला बसले की रागाचंच उतरायचं, आणि मी फाडून टाकायचे. उशीर झाला तो त्यामुळे. टाकायचं कसलं रे? आणि लोभ मागतोस कुणाकडे? तो आहेच, वेड्या.

मुलीकडे नकार कळवला. काका फुगले आहेत, फुगू देत.

काल आईला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथल्या मासिकात ती जाहिरात होती. आई चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली की दारातला मुलगा फार दमलेला दिसतो, घरी कुणी आहे ते बरं. पुढचं तू सांगायचंस. मी शेजारी बसेन.

तुझ्या नाकाचं म्हणशील, तर आपण लावलेला वास आपल्याला येत नाहीच. तो दुसऱ्यालाच यावा लागतो. मावशी आईपाशी राहायला तयार आहे, तेव्हा येत्या रविवारी मी निघते. सकाळी सात नंबर लाव आणि घरातच बस. न्यायला येऊ नकोस, पत्ता मला पाठ आहे. दार नुसतं लोटून ठेव. ते मी उघडेन आणि घरात कुणी आहे की नाही, ते तुला सांगेन.

तुझी ताई