डब्याची पाळी

१२ जानेवारी
रत्नागिरीला शिबिराला जाऊन आलो. विषय : लोकसहभागातून वन्यजीव संवर्धन. जेवण उत्तम. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, गावातले लोक तयार नसतील तर काहीही वाचत नाही. आमची वाडी कशालाच तयार नसते. म्हणजे सुरुवात मलाच करायची. मुंबईत हेडक्लार्क असताना अख्खं सेक्शन सांभाळलं, वाडी काय चीज आहे!

१५ जानेवारी
आंब्याला मोहोर धरला की वाडीत वानरं हाकायची पाळी लागते. रोज एका घराने पत्र्याचा डबा बडवत सगळ्यांच्या बागांतून फिरायचं. रानटी प्रकार. आज आमची पाळी. गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न. शेजारच्या केरूला सुनावलं की मोहोरावर वानरांचाही हक्क आहे. म्हणाला, भाऊ, तुमच्या कलमांवर असंल, आमच्या नाय. अडाणी.

१६ जानेवारी
काल डबा घेऊन रेणुका गेली होती म्हणे. स्वतःची बायको! घरातच फितुरी.

२० जानेवारी
बैठक. डबा धरणार नाही म्हणून सांगितलं. मला पाळीतून काढलं. आमच्या बागेत आता कोणी डबा वाजवणार नाही. याला हे लोक शिक्षा समजतात. मी विजय समजतो.

२ फेब्रुवारी
वाडीभरची हाकललेली वानरं आमच्याकडे मुक्कामाला. अर्धा मोहोर साफ. लेक सानवी डोंबिवलीला, दिवस गेलेत, घरचाच हापूस हवा म्हणते. रेणुका म्हणाली, काय पाठवू, पानं? म्हटलं, निसर्ग देतो. ती म्हणाली, दिसतंय.

४ फेब्रुवारी
जबरदस्त आयडिया! वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, बागांपासून लांब, वानरांना खायला घालायचं. पोट भरलेलं वानर कलमाकडे बघणार नाही. सायंटिफिक. शिबिरात बाई खायला घालण्याबद्दल काहीतरी बोलत होत्या, पण तेव्हा मी जेवणाच्या रांगेत होतो.

९ फेब्रुवारी
वानरं वेळ पाळत नाहीत. बोलावायला काहीतरी हवं. आमचा पाळीचा डबा घरात पडूनच होता. वाजवला. सगळी पळाली. उद्या पुन्हा.

२१ फेब्रुवारी
शिस्त आली! डबा वाजला की अख्खी टोळी सड्यावर. वाडीतल्या लोकांपेक्षा वानरं हुशार. कलमांवर थोड्या कैऱ्या धरल्यात. सानवीला फोन केला, पेटी नक्की.

२४ फेब्रुवारी
आज तुळसाकाकीची पाळी. तिने हाकायला डबा वाजवला. टोळी येऊन तिच्याभोवती बसली. एकाने पदर ओढला. काकी डबा टाकून तडक आमच्या दारात. काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मी शांतपणे सांगितलं की याला वर्तनबदल म्हणतात. मग आणखी बोलली.

२ मार्च
केरू डबा बडवत पुढे, वानरं मागे. हसू आलं. दाबलं नाही. दाबायला हवं होतं.

१० मार्च
बैठक. वाडीत आता डब्याला एकही वानर घाबरत नाही. ठराव : रोजची पाळी माझी. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत सड्यावर बसून वानरं तिथेच रमवायची. शिळंपाकं वाडी पुरवणार. विरोधात मी. बाजूने बाकी सगळे, रेणुका धरून. लोकसहभाग शंभर टक्के! बाईंना कळवलं पाहिजे. ऊन उतरल्यावर.

१८ एप्रिल
वाडीच्या पेट्या मुंबईला गेल्या. सड्यावरून उतरलं की पहिली बाग आमची. तिथे एकही आंबा नाही. सानवीचा फोन आला. आंबे फार गोड, केरूकाकांना सांगा, म्हणाली. पेटी त्याने पाठवली. मला कोणी बोललं नाही. वाईट वाटलं. केरूचा राग आला. मग पुन्हा वाईट वाटलं.

२५ एप्रिल
रेणुकाने जेवायला हाक मारणं सोडलंय. अंगणात उभी राहून डबा वाजवते. आज वाजवला. मी जागचा हललो नाही. तत्त्वाचा प्रश्न. मग भूक लागली. खाली पोचलो तेव्हा वानरांचं जेवण झालं होतं.