न झालेला धूर

१२ जाने., सोमवार
वरच्या वाडीला जाऊन आले. वैशाखरेपासून पाऊण तास चढ, पाय मोडले. आम्ही वाटलेल्या कमी धुराच्या एकवीस चुली बघितल्या, चौदांच्या आतल्या लोखंडी जाळ्या जळून गेल्यात. दोन वर्षं रोज जाळ घातल्यावर लोखंड टिकणार किती? सोनूकाकीची जाळी तर हातात घेताच पापडासारखी मोडली. तिनं जाळीच्या जागी विटेचा तुकडा लावलाय. पण खालून हवा नाही, लाकूड नुसतं धुमसतं. आठवड्याला तीन मोळ्या लागायच्या, नव्या चुलीनं एकीवर आल्या, आता परत दोन. काकीचे गुडघे गेलेत, खोकला वेगळाच. तरी मलाच कोरा चहा पाजला.

ऑफिसात सरांना फोन. जाळ्या मुरबाडच्या गोदामात पडून आहेत म्हणे. तपासणी पास झाली की सुटतील. आधी नाही.

१५ जाने., गुरुवार
उद्या तपासणी. दिल्लीहून साहेब येणार. उंबराखाली बायकांची मीटिंग घेतली. म्हटलं, तुमची जळणाची फाटी वाचली म्हणजे धूर वाचला, तो वाचलेला धूर मोजून परदेशातली कंपनी विकत घेते, त्यातून चुली, जाळ्या आणि माझा पगार.

सोनूकाकी म्हणाली, "म्हंजे आमी जो धूर केलाच नाय, तो ती घेनार?"
हो म्हटलं.
"आनि तिचा सोताचा धूर?"
तो चालूच असतो काकी, म्हणून तर घेते.
"मंग तिलाच एक चूल दे की गो."

सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसले. ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न नव्हता.

निघताना सांगितलं, पाहुणे येतायत, चुली नीट ठेवा. एवढंच बोलले.

१६ जाने., शुक्रवार
कुठं जाऊन डोकं आपटू.

वाडीत शिरले तर अंगणं सारवलेली, दारात रांगोळ्या. आत चुली! राखेनं घासून घासून लख्ख. काकीनं तर गेरूचा पट्टा ओढून वर झेंडूचं फूल ठेवलेलं. दुकानातून आत्ता आणल्यासारखी. आणि नव्या चुलीला काळं लागू नये म्हणून सकाळचा भात सगळ्यांनी जुन्या तीन दगडांवर शिजवलेला. निखारे अजून लाल.

साहेबांनी दगडांना हात लावला, गरम. चुलीला लावला, गार. आत बोट फिरवलं, बोट स्वच्छ. मोबाइलवर फोटो, खाली खूण: वापरात नाही. एकवीसच्या एकवीस.

मी मध्ये पडले. म्हटलं साहेब, हे तुमच्यासाठी घासलंय, जळलेल्या जाळ्या बघा. साहेब म्हणाले, जाळ्या कुठायत? काकीनं सगळ्यांच्या गोठ्यामागं टाकल्या होत्या. "फुटकी वस्तू पावन्याला कशाला दाखवायची?" आणल्या शोधून. साहेब सभ्य माणूस, शांतपणे म्हणाले, फॉर्ममध्ये जाळीचा रकाना नाही.

बायकांना काहीच कळलं नाही. साहेबांना कुंकू लावून नारळ दिला. काकी मला कोपऱ्यात विचारते, "आवडली ना त्यांना?"

काय सांगणार. आवडली म्हटलं.

१७ जाने., शनिवार
आज खालची वाडी. तिथं घरोघरी गॅस. आमच्या चुली पडवीत पालथ्या, एकीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. पण गेल्या आठवड्यात लग्न झालं, पाणी तापवायला सगळ्या चुली मांडवामागं नेल्या होत्या. आल्या तशाच काळ्याकुट्ट ठेवल्यात. साहेबांचं बोट काळं झालं. वापरात. कोंबडीवालीसुद्धा वापरात, कारण काजळी भरपूर.

जीपमध्ये सर खूश, निदान एक वाडी निघाली.

२० जाने., मंगळवार
मुरबाडला गेले, ऑफिसात भांडले. भांडले म्हणजे मीच बोलत होते. सरांचं एकच, निकाल वर गेला. वरच्या वाडीला जाळ्या नाहीत, फेरतपासणीनंतर बघू. फॉर्म २५ फेब्रु.ला उघडतील, २७ला दुपारी बारा वाजता बंद. त्यात नापास झाली तर वाडी यादीतून बाहेर.

म्हटलं, सर, जी बाई लाकूड वाचवते तिची जाळी जळते. जिची जाळी जळते तिला जाळी नाही. हे कसलं गणित?
सर म्हणाले, शहापूरच्या टीमनं असले प्रश्न कधी विचारले नाहीत.
येताना एसटीत रडू आलं, रागानं. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का?

२८ जाने., बुधवार
सरांचा फोन, आवाज बारीक. फेरतपासणीला साहेब येणार नाहीत, फोटो मीच पाठवायचेत. "आदल्या दिवशी थोडी काजळी लावून घ्या. कळतंय ना?"
कळलं. न कळायला काय झालं.

६ फेब्रु., शुक्रवार
काकीला शेवटी खरं सांगितलं. की चूल घासली म्हणून नापास झालो. की मीच नीट ठेवा म्हटलं होतं. मला वाटलं चिडेल. ती चुलीकडं बघून म्हणाली,

"काळी चूल दावायची व्हती? पावन्याला?"
हो.
"मंग तसं सांगायचं ना पोरी. रोज काळीच असती."

काजळी लावायचंही बोलून टाकलं. नाही म्हणाली. जी रोज खरी काळी होते तिला खोटं काळं कशाला फासायचं, तू न सांगता ये आणि बघ. बरोबर आहे तिचं. असंच करायचं. २६ला जाते, भल्या सकाळी, कुणाला न सांगता.

१७ फेब्रु., मंगळवार
तीन दिवस ताप. कुठंच गेले नाही. सरांना जाळ्यांसाठी परत मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

२६ फेब्रु., गुरुवार
सातला वाडीत. लांबूनच कळलं. बहुतेक कौलांतून धूर, जाड, पांढरा. दोन वर्षांपूर्वी असायचा तसा.

काकी तीन दगडांपाशी, डोळ्यांतून पाणी. आमची चूल फळीवर. घासलेली नाही, फुलबिल नाही. आत कोळ्याचं जाळं.
"विटेवर धूरच धूर व्हतो. भाकरी कच्ची राहती. नातू भुका जातो शाळेत. दगड बरे."
किती जणींनी सोडली?
"चौदा. बाकीच्यांच्या जाळ्या पन आल्या मोडायला. मोळ्या तीन झाल्या बग परत."

जानेवारीत साहेबांनी लिहिलं ते खोटं होतं. आता खरं झालं. आम्हीच खरं केलं. इतका संताप आला की उंबराखाली जाऊन दगड भिरकावला. मोबाइलला रेंज फक्त तिथंच. फॉर्म उघडला. वापरात: हो / नाही. बंद केला.

उतरताना काकी मागून ओरडली, "तुला काय लिवायचं ते लिव. जाळी आली का मी पेटवते."

खाली रस्त्यावर आमची जीप उभी. आत नव्या जाळ्या. पास झालेल्या खालच्या वाडीला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
करू नये ते केलं असेल. जीप गेल्यावर खालच्या वाडीत गेले. कोंबडीवाली म्हणाली, "घेऊन जा गो ताई, आमाला काय जाळायच्यात त्या?" बाकीच्यांनीही आणून दिल्या. चौदा मोजल्या, पोत्यात घातल्या, यांच्या बाइकवरून आणल्या. पोतं पडवीत आहे.

प्रत्येक जाळीवर नंबर ठोकलाय, खालच्या वाडीचा. फोटो मोठा करून बघितला तर दिसेल. सरांना दिसलं तर माझी नोकरी जाणार, आणि वाडीवर चोरीचं नाव येईल. काकीच्या वाडीवर, जिनं काजळीसुद्धा लावू दिली नाही. तिला नंबराचं सांगायला हवं. सांगितलं तर ती जाळी घेईल का?

यांना विचारलं. यांचं म्हणणं, पहाटे दोघं निघालो तर नऊपर्यंत सगळ्या बसवून होतील, बारापर्यंत भात शिजलेलाही दिसेल. खोटं त्यात काय?

पोतं उचलून बघितलं. एकटीला झेपणार नाही. हे पाचचा गजर लावून झोपायला गेलेत. मी पोत्याशी बसून हे लिहितेय; न्यायचं का, आणि काकीला आधी सांगायचं का, ठरत नाही.