शोथाचा थ

कोल्हापूर, ६ जानेवारी २०२५

ती. स्व. आक्कास,
विरूपाक्षाचा शरणार्थ. वि. वि.

धाकट्या भावानं फोन सोडून पत्र का धरलं, म्हणशील. तुझा आवाज फोनमधून बाहेर येतो आणि विद्याश्री दिवसभर घरात असते. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. संस्कृतच्या सरांना पत्र आलं तर कुणाला नवल वाटत नाही.

तुझ्या या भावजयीच्या पित्ताशयात खडे आहेत, हे ठाऊक आहेच. आता स्कॅनमध्ये त्या पिशवीची भिंत जाड दिसते आहे. डॉक्टर म्हणाले, खड्यांमुळे वर्षानुवर्षं सूज राहिली तरी भिंत अशीच जाडावते, आणि कॅन्सर असला तरी अशीच दिसते. पिशवी काढून तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही. तिला मी फक्त खड्यांचं सांगितलंय. पंधराला ऑपरेशन. अंदाजानं अर्थ लावू नका, असं तीस वर्षं मुलांना सांगणारा मी, रोज घोकतो आहे : शोथ आहे, शोथ आहे.

माया आहे तेवढी राहू दे. आवाज मात्र थोडा कमी कर.

तुझा,
विरूपाक्ष

कबनूर, १० जानेवारी

चि. विरूपाक्ष यास आक्काचा आशीर्वाद.

तम्मा, पत्र पोचलं. हितं यंत्रमागाच्या खडखडाटात सगळीच वरडून बोलत्यात, माझा एकटीचा काय दोष? तुझं अक्षर म्हंजे मुंग्या चालल्यागत. शेवटाला ‘शोध आहे, शोध आहे’ असं दोनदा लिवलंयस. डॉक्टरला अजून घावलंच न्हाय व्हय? मला ऱ्हावलं न्हाय. काल विद्याश्रीलाच फोन लावला आणि इचारलं, कसला शोध चाललाय गं.  ती म्हणाली, त्यांनाच विचारते. माझं चुकलं असंल तर रागव, पण कळव.

शेंगदाण्याची चटणी धाडलीया. तिला न्हाय, तुला. जेवत जा की.

जीव हाय म्हणून वरडते, एवढं ध्यानात ठेव.

आक्का

कोल्हापूर, १६ जानेवारी

ती. स्व. आक्कास शरणार्थ.

शोध नव्हे, आक्का, शोथ. म्हणजे सूज. थ च्या डोक्यावर नीट गाठ द्यायची असते, ती मी घाईत देत नाही. पोरांचे मात्र त्यासाठी गुण कापतो.

तुझ्या फोननंतर विद्याश्री समोर येऊन बसली. स्कॅनचा इंग्रजी कागद तिनं पहिल्याच दिवशी वाचला होता. तुमचा चेहरा बघून बोलले नाही, म्हणाली. म्हणजे एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मग एकत्र रडलो. तुझं शोध-शोथचं पत्र आलं तेही तिला वाचून दाखवलं. याबद्दल तुझे आभार मानावेत, तर तू डोक्यावर बसशील.

काल पिशवी काढली. तिथल्या तिथं एक तुकडा तपासला, त्यात सूजच निघाली. पूर्ण अहवाल यायला दहा दिवस लागतील, तोवर पेढे नकोत, असं डॉक्टरांनी बजावलंय. शुद्धीवर येताच तिनं विचारलं, थ की ध? मी म्हणालो, थ. हसली, आणि टाके दुखले म्हणून माझ्यावरच चिडली.

चटणी संपली. लोभ संपवू नको.

विरूपाक्ष

कोल्हापूर, २७ जानेवारी

ती. स्व. आक्कास शरणार्थ.

आज अहवाल आला. सूज खरी होती. पण पिशवीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, त्याच सुजेच्या आड, कॅन्सरही आहे. दोन्ही एकत्र असू शकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं की मीच ऐकलं नव्हतं, आठवत नाही. संस्कृतात ‘वा’ म्हणजे किंवा, ‘च’ म्हणजे आणि. आठवीच्या पोरालाही येतं. मी महिनाभर ‘वा’ धरून बसलो; अहवालात ‘च’ निघाला.

पुन्हा ऑपरेशन करायचंय, यकृताचा थोडा भाग काढावा लागेल. पुढचं डॉक्टर बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. मी शोथ लिहिला होता, तू शोध वाचलास. वाचन तुझंच खरं ठरलं; शोध संपलाच नव्हता.

हे पत्र विद्याश्रीनं वाचलंय. या खेपेला थ ची गाठ बरोबर दिलीत, म्हणाली.

लोभ या वेळी टपालानं पाठवू नको, एसटीनं स्वतःच घेऊन ये. आणि आल्यावर मोठ्यानं बोल. घर फार गप्प झालंय.

तुझा तम्मा