कपाशीतली सावली

चंद्रशेखर सर,

निसर्गचित्रांच्या तुमच्या ऑनलाइन ग्रुपवरून माझं चित्र हटवताना तुम्ही कळवलंत, की तोंडाला फडकं बांधलेला, हातात नळी धरलेला माणूस हिंसक वाटतो. ते माझे बाबा होते. आमच्या बीटी कपाशीवर बोंडअळीचं औषध फवारत होते. तरी मी त्यांना मुकाट्यानं चित्रातून पुसून टाकलं. मग तेच चित्र तुम्ही ग्रुपवर सगळ्यात वर लावलंत.

काल बाबांना मोबाइलवर दाखवलं. म्हणाले, "वावर तं आपलंच हाय. मले काऊन काढून टाकलं वं?"

मग कपाशीच्या ओळीत पडलेल्या काळ्या डागावर बोट ठेवून ते हसले, "हे सावली तं माहीच हाय."

ती पुसायची राहिली होती. तुमच्या अजून लक्षात आलेलं नाही, म्हणून हे पत्र पाठवत नाही.

धम्मशीला जानराव,
पिंपळगाव राजा