बारा सेकंदांचा रस्ता

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.
नवी डायरी सुरू. मुद्दाम खिशात मावेल अशी घेतली, म्हणजे चालता चालता टिपणं काढता येतील. कारण आजपासून मी चालणार आहे. शुक्रवारपर्यंत मी रस्ते विभागातला एक साधा इंजिनिअर होतो. शुक्रवारी मोठ्या साहेबांनी आमच्याच घरासमोरच्या रस्त्याची ‘आधी पादचारी’ योजना माझ्या हाती सोपवली. बाकी सगळे कामात आहेत, तुम्हीच बघा, म्हणाले. माणसाची पारख असावी तर अशी.

घर ते ऑफिस सहाशे मीटर. संकल्प: रोज पायी.

सकाळी ९.४०. आज गाडीने आलो. हातात नकाशे होते. एकच होता, पण लांब होता.

३ मार्च, मंगळवार.
ही योजना मी कुणासाठी करतोय ते एकदा लिहून ठेवतो.

आई, वय त्र्याऐंशी, आमच्याकडे. तिची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, रस्त्यापलीकडच्या इमारतीत, बरोब्बर समोर. आईच्या हातात काठी, मावशी चाकाच्या खुर्चीत. मध्ये चार लेनचा रस्ता आणि बारा सेकंदांचा हिरवा दिवा. आठ महिने भेट नाही. ऑपरेशन झाल्यापासून आईला वाकून गाडीत बसता येत नाही, आणि बसता आलं असतं तरी समोर दिसणाऱ्या बहिणीकडे ती गाडीने जाणार नाही. तसं तिने मला सांगितलंय.

रोज पाच वाजता दोघी आपापल्या गॅलरीत येतात आणि एकमेकींकडे बघत फोनवर बोलतात. ट्रॅफिकमुळे ओरडून बोलावं लागतं. मावशीचं पोट कालपासून साफ नाही हे दोन्ही फुटपाथना कळतं. शेवटी मावशी विचारते, ताई, कधी येतेस? आई म्हणते, सिग्नल बदलला की. मग दोघी हसतात. 

२९ तारखेला मावशीला ऐंशी पूर्ण होतात. आईला शब्द दिला, की त्या दिवशी तू स्वतःच्या पायांनी पलीकडे जाशील. आई म्हणाली, तू शाळेत असतानाही परीक्षेच्या आधी असेच शब्द द्यायचास.

आज गाडीने. पायात गोळा आल्यासारखं वाटत होतं.

४ मार्च, बुधवार.
पादचाऱ्यांची मोजणी. असली कामं लोक हाताखालच्यांवर ढकलतात. मी स्वतः बसलो. औषधाच्या दुकानासमोर गाडी फुटपाथवर अर्धी चढवून, काचा वर, एसी चालू. तासाभरात २१२ माणसं. नंतर समोर बस येऊन बंद पडली आणि काही दिसेना, म्हणून उरलेल्या तासाला अंदाजे ४०० धरली.

एक गोष्ट लक्षात आली. माझ्या गाडीपर्यंत आले की लोक फुटपाथ सोडून सरळ रस्त्यात उतरतात आणि गाडीपुढे गेले की परत वर चढतात. का, ते कळलं नाही. शेरा लिहिला: पादचाऱ्यांना शिस्त नाही.

चौकातल्या ट्रॅफिकच्या हवालदार बाईंनी काचेवर टकटक केली. गाडी काढा म्हणाल्या. मी सांगितलं, पादचारी मोजतोय. त्या म्हणाल्या, मग मलाही धरा, मीसुद्धा आत्ताच रस्त्यात उतरून आले. धरलं. २१३.

६ मार्च, शुक्रवार.
इमारतीच्या लांब पॅसेजमध्ये खडूने चौदा मीटर आखले, म्हणजे रस्त्याच्या रुंदीइतके. मोबाइलवर सेकंद लावून आईला चालवलं. एकतीस. दोनदा चालवलं, दोन्ही वेळा एकतीस.

आणि सिग्नल बारा! कोणत्या गाढवाने ठरवले हे बारा? ऑफिसात सगळ्यांसमोर बोललो, की तो माणूस सापडला तर त्याला त्याच डिव्हायडरवर उभा करीन. शिपायाला जुनी फाईल शोधायला सांगितलं. शिपाई कधी नव्हे तो गालात हसला. त्याचे दात दुखत असावेत.

९ मार्च, सोमवार.
फाईल मिळाली. नऊ वर्षांपूर्वीची. खालची सही माझ्या सहीसारखी आहे.

दुपारी. माझीच आहे.

आठवलं. नियमाप्रमाणे एक ‘नमुना पादचारी’ रस्ता ओलांडतो, त्याची वेळ घ्यायची. त्या दिवशी आमचा हाच शिपाई नमुना होता. कँटीन बंद व्हायला दोन मिनिटं होती आणि कँटीन पलीकडे होतं. तो नऊ सेकंदांत पोचला. मी माझ्या अधिकारात तीन सेकंद वाढवून दिले. म्हणजे तेव्हाही माझ्या मनात पादचारीच होता. हे कुणी लक्षात घेत नाही.

फाईल ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला कुलूप. बायकोने विचारलं, अहो, ते गाढव सापडलं का? म्हटलं, शोध चालू आहे.

१३ मार्च, शुक्रवार.
दुकानदारांची सभा. पडद्यावर नकाशा दाखवला. चारच्या दोन लेन, रुंद फुटपाथ, बाकं, झाडं, क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना काठीसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार. रस्त्यावर पार्किंग बंद. त्यावर गलका झाला, की गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कुठे? मी उभा राहिलो आणि म्हणालो, ज्या माणसाला दोनशे मीटर चालवत नाही त्याने आधी डॉक्टर गाठावा! माझं मलाच भरून आलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने टाळ्या वाजवल्या.

सभेनंतर पाऊण तास तिथेच. लोकांच्या गाड्यांमध्ये माझी गाडी अडकली होती.

चपलांच्या दुकानदाराने चालायचे खास बूट दाखवले. घेतले. धूळ लागू नये म्हणून गाडीच्या डिकीत ठेवलेत.

१७ मार्च, मंगळवार.
‘आधी पादचारी’चे पाचशे स्टिकर छापून आले. पहिला माझ्याच गाडीच्या मागच्या काचेवर लावला. सुरुवात स्वतःपासून करावी. बायको म्हणाली, बुटांना लावला असता तर निदान डिकीतल्या डिकीत तरी योजना पुढे सरकली असती. बायकोला योजनेचा आवाका कळत नाही.

पंधरा दिवसांत पायी ऑफिस: शून्य. पण गाडीपर्यंत रोज पायीच जातो. ते कुणी मोजत नाही.

२२ मार्च, रविवार.
रस्ता ओळखू येत नाही! पांढरे पट्टे, कुंड्या, बाकं, आणि दोन्ही बाजूंना गुळगुळीत उतार. सिग्नल पस्तीस सेकंद. मोठ्या साहेबांनी महिनाभराची ट्रायल दिली, पण अट घातली: अडथळ्याची एक जरी तक्रार आली तर सगळं जसं होतं तसं. मी म्हटलं, साहेब, अडथळा येणार कुठून?

आई रोज पॅसेजमध्ये सराव करते. काठी ठक ठक, ओठात आकडे. काल एकोणतीस आले तर शेजारच्या दारावर टकटक करून सांगून आली. मावशीसाठी विणलेली निळी शाल आठ महिने कपाटात होती, ती बाहेर काढून उन्हात घातलीय. हे बघून मी ठरवलं, की आयुष्यात एक काम तरी नीट करायचं.

२९ मार्च, रविवार. सकाळी ९.५०.
आज गाडी, पण नाइलाजाने. माईक, स्पीकर, फीत, कात्री. तीन फेऱ्या मारल्या, गाडी लावायला जागा नाही. रस्त्यावरची सगळी पार्किंग कुणीतरी बंद केलीय. म्हणजे मीच. शेवटी मावशीच्या बाजूला एक मस्त मोकळी जागा दिसली. नवीकोरी, स्वच्छ, बरोब्बर गाडीच्या मापाची. दोन मिनिटांसाठी लावली. माईक घेऊन आमच्या बाजूला आलो. वायरमध्येच वेळ गेला.

दुपारी ३.
शांतपणे लिहितो.

अकराला हिरवा दिवा लागला. आमच्या बाजूला मी माईकवर, पलीकडे मावशी चाकाच्या खुर्चीत, केसांना तेल लावून. आई निघाली. सगळा रस्ता गप्प. शिंपी, दुकानदार, बसमधले लोक, सगळे मनात मोजत होते. सत्तावीस सेकंदांत आई पलीकडच्या कडेला पोचली. आणि थांबली.

उतारावर गाडी होती. मावशी गाडीच्या पलीकडे, आई अलीकडे, रस्त्यात.

माझं डोकं फिरलं. मी माईकवर गरजलो, की ज्या बेजबाबदार इसमाने ही गाडी लावली असेल, ज्याला वृद्धांची लाज नाही, त्याने ताबडतोब पुढे यावं! आणि नंबर वाचायला लागलो. नंबरातले पहिले दोन आकडे ओळखीचे वाटले. तिसऱ्या आकड्याला माझा आवाज बसला. पण स्पीकर चांगला होता. आईने वळून मागच्या काचेवरचा स्टिकर वाचला, तोही मोठ्याने.

दिवा लाल झाला. गाड्या हॉर्न वाजवत सुटल्या आणि आई रस्त्यात काठी धरून उभी. मी खिसे चाचपायला लागलो. इतका मी जन्मात कधी घाबरलो नव्हतो. हवालदार बाई आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या, हात वर केला आणि पाच मिनिटं अख्खा रस्ता एका हातावर तोलून धरला. मला किल्ली सापडेना. ती माईकच्या पेटीत होती. तोवर उचलणारी गाडी आली आणि माझी गाडी घेऊन गेली, बूट आणि स्टिकरसकट.

तेवढ्या वेळात आईने शाल बॉनेटवरून मावशीकडे दिली होती. दोघी बॉनेटवर हात ठेवून, एकमेकींची बोटं धरून बोलत होत्या. ओरडायची गरज नव्हती.

३० मार्च, सोमवार.
तक्रार एकच आली. अडथळ्याची. हवालदार बाईंनी रीतसर लिहून दिली, गाडीच्या नंबरासह. मोठ्या साहेबांनी ती माझ्यासमोर ठेवली. ट्रायल रद्द. आज संध्याकाळपासून सिग्नल पुन्हा बारा. कुंड्या न्यायला टेम्पो आलासुद्धा.

आई मावशीकडेच. फोनवर म्हणाली, तुझ्या बारा सेकंदांत मी परत येणार नाही. मग म्हणाली, फाईलमधली सही तुझी आहे हे मला शिपायाकडून केव्हाच कळलं होतं. वाटलं, तूच येऊन सांगशील.



३१ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५.५०.
गाडी सुटायला अजून दोन दिवस. आईला भेटायला निघतोय. माफीच मागायला, असं म्हणायला हरकत नाही. पायी. बूट गाडीबरोबर गेले, म्हणून घरातल्या चपला. चौदा मीटर तर आहे. बावन्नाव्या वर्षी माणूस काही म्हातारा होत नाही.

६.१०. डिव्हायडरवरून लिहितोय. पहिल्या खेपेला एक स्कूटर आडवी आली, म्हणून इथे थांबलो. दुसऱ्या खेपेला बस. तिसऱ्या खेपेला चपलेचा पट्टा तुटला. बारा सेकंद फार कमी आहेत. दिवा लागला असं म्हणेपर्यंत विझतो. गाड्या इतक्या जवळून जातात हे गाडीतून कधी कळलं नव्हतं.

फोन आला. आई वर मावशीच्या गॅलरीत उभी आहे. म्हणाली, तिथेच थांब, हलू नकोस, मी बाईंना सांगते.

६.४०. मावशीच्या हॉलमध्ये. हवालदार बाई आल्या, माझा हात धरला, दुसऱ्या हाताने गाड्या थांबवल्या. चला काका, खाली बघू नका, म्हणाल्या. आईने वरून सेकंद मोजले. अर्ध्या रस्त्याला एकोणीस. मला पूर्ण रस्त्याला सत्तावीस लागले होते, एवढंच म्हणाली आणि पाणी दिलं. माफी मागितली. ती म्हणाली, आधी पाणी पी.

साहेबांना फोन करून सांगितलं, की बारा मीच ठरवले होते. फाईलमध्ये नमुना पादचारी म्हणून शिपायाचं नाव खोडून माझं टाका, एका पायात चप्पल असलेला. साहेब म्हणाले, सकाळी ऑफिसला या, बघू. ऑफिस पलीकडे आहे. मी खिडकीतून खाली बघितलं आणि परत बसलो. मावशीने हॉलमध्ये माझ्यासाठी गादी घालायला सांगितलीय.

इतक्यात बायकोचा फोन. ती समोर आमच्या गॅलरीत उभी होती. हात केला. मीही गॅलरीत जाऊन हात केला. तिने विचारलं, अहो, कधी येताय?

म्हटलं, सिग्नल बदलला की. ट्रॅफिकमुळे दोनदा ओरडून सांगावं लागलं.