भाजलेले धने

माय, एक विचारायचं आहे. तू जाऊन अठरा वर्षं झाली, उत्तर कोण देणार, पण दोन दिवस डोकं पार बधीर झालंय म्हणून कचेरीतच जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलो. लहानपणी तू मला पेरायला धने दिलेस, ते भाजलेले होते हे तुला माहीत होतं का?

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणशील, ह्याच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा. परभणीतल्या घराच्या गच्चीवर मी भाजीपाला लावलाय. हो, मीच. हसू नकोस. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली, शनिवार-रविवार सुट्टी, पेपर तरी किती वाचायचा. दिवाळीनंतर रंगाचे रिकामे डबे आणि जुन्या बादल्या वर नेल्या, बाजारातून बी आणून टाकलं. आणि माय, सगळं आलं गं. मेथी आली, कोथिंबीर आली, चुका आला, लसणाची पात आली, पुदिना तर आवरेना. परवा शनिवारी सकाळपासून माती खालीवर करत बसलो होतो. कंबर धरली, तरी खाली यावंसं वाटेना. तुझी सून जिन्यातून ओरडतेय, "अहो, वरच जेवायचा इरादा हाय का?" इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. पण हे माझ्या हातून झालं कसं, तेच कळत नव्हतं, कारण माझ्या हाताला गुण नाही.

तूच तसं म्हणाली होतीस. बाप गेल्यानंतरचं ते पहिलंच वर्ष. मी सहावीत, धाकटा चौथीत. पालमजवळच्या आपल्या गावात, घरामागं तू दोन वाफे केलेस, एक माझा, एक त्याचा. मूठभर धने माझ्या हातात दिलेस, मूठभर त्याच्या. चपलेखाली रगडून त्यांच्या फाका करायच्या आणि मग टाकायचे, हेही तूच दाखवलंस. मी रोज दोनदा पाणी घालायचो. पंधरा दिवसांनी त्याचा वाफा हिरवागार आणि माझ्यात नुसती माती. तू दोन्हीकडं बघतेस आणि म्हणतेस, "तुझ्या हाताला गुण न्हाई रे. तू आपलं पुस्तक धर. ह्याच्या हाताला हाय, ह्यो शेत बघंल." रागावलीसुद्धा नाहीस. मी मात्र ढसाढसा रडलो, आणि धाकट्याला बडवून काढावंसं वाटलं.

त्या एका वाक्यावर आमची दोघांची आयुष्यं गेली बघ. त्यानंतर मला शेतात कोणी हाक मारली नाही. तो पाढे माझ्याआधी म्हणून मोकळा व्हायचा, पण आठवीत त्यानं शाळा सोडली तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही. त्यालाही वाईट वाटलं नाही, हाताला गुण होता ना! आजही गावात कोणाची पेरणी असली की पहिली मूठ त्याच्या हातची लागते. मिरचीचं पहिलं रोप लावायला बायका त्याला बोलावून नेतात. त्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून जातो.

तर शनिवारी दुपारी एक बादली रिकामी होती. म्हटलं, हीत कोथिंबीर आणखी टाकू. ओट्यावरच्या डब्यातून धने घेऊन निघालो, तर तुझी सून हसायला लागली. "काय करायलाव हे? आमटीच्या येसराला भाजून ठेवलेत मी ते. भाजलेलं बी कधी उगवतं का?" मी मूठ नाकाशी नेली. माय, तोच वास! वाफ्यात धने टाकले त्या दिवशी माझ्या तळहातांना दिवसभर हाच खमंग वास होता. शाळेत शेजारच्या पोरानं विचारलं होतं, तुमच्या घरी आज मटन हाय का म्हणून. मी ओट्याला टेकून उभाच राहिलो. ही घाबरली, बीपी वाढलं का विचारायला लागली.

आता तू सांग. तुला वाचता येत नव्हतं, डब्यावर चिठ्ठ्या नव्हत्या. झाकण उघडलं की वासावर तू ओळखायचीस, जिरं कुठलं, शहाजिरं कुठलं. तू चुकशील? मग वाटतं, त्या दिवशी तुला सर्दी असेल. दोन दिवस मी तेच आठवतोय, तुला सर्दी होती का! छप्पन वर्षांच्या माणसाला दुसरा धंदा नाही. आणि मुद्दाम दिलेस म्हणावं, तर मलाच का? थोरला म्हणून शिकवायचं होतं, की शेताला कामाचा गडी हवा होता आणि मी त्यात बसत नव्हतो? आमच्यातला लाडका कोण होता, तेही आता कळेना. घडीत तुझे पाय धरावेसे वाटतात, घडीत असा राग येतो की बस्स.

आणि काल रविवारी नेमका धाकटा आला. एसटीनं आला, पिशवीत हरभऱ्याची कोवळी भाजी. मी स्वतः स्वयंपाक केला. शेंगदाणे आणि डाळ घालून चुक्याची भाजी, कोथिंबिरीच्या वड्या, ताज्या पुदिन्याची चटणी. तीन भाकरी जेवला तो. मग आम्ही गच्चीवर गेलो. तो उकिडवा बसला, मेथीचं पान चुरगळून हुंगलं, मातीत बोट खुपसून पाहिलं. डोळे असे चमकले त्याचे.

"दादा, लय जबर आलंय हे. मला बी असा पुदिना न्हाई जमला. कोनाचा हात लागला ह्याला?"

सगळं तोंडाशी आलं होतं. तो मान वर करून माझ्याकडं बघत होता.

"तुझ्या वहिनीचा," मी म्हणालो. "माझा कुठला आलाय."

तो खदाखदा हसला. "तरीच! मायनं लहानपनीच वळखलं होतं तुला."

हे पत्र फायलीखाली ठेवून देईन, दुसरं काय करणार. हिनं जिन्यातून ऐकलं होतं, तो गेल्यावर विचारलं, खोटं कशाला बोललात? म्हटलं, त्याचं मन मोडू नये म्हणून. पण ते खरं नाही, माय. मी घाबरलो होतो. तो म्हणाला असता, "दादा, मग मी कामून न्हाई शिकलो?"